एका माशाची दहा नावं, अनेक माशांचं एक नाव

डेटाबेसवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात नावडतं काम कुठलं? उत्तर एकच येईल: डुप्लिकेट काढणं. 'एस. आर. जोशी', 'जोशी एस आर' आणि 'सुरेश जोशी' हे तीन ग्राहक आहेत की एकच माणूस? तीन समजलात आणि निघाला एक, तर फारसं बिघडत नाही. त्या बिचाऱ्याला दिवाळीची तीन ग्रीटिंग कार्डं जातात, तो हसतो आणि विसरतो. पण एकच समजून मर्ज करून टाकलंत आणि निघाले तीन वेगळे, तर मात्र कल्याण! कुणाचा पत्ता कुणाला, कुणाचं बिल कुणाला. आणि बॅकअप नसेल तर ते पुन्हा वेगळे काढणं जवळपास अशक्य.

आज जी गोष्ट सांगणार आहे ती अशाच दोन मर्जची आहे. दोन्ही एकाच माणसाने केले, दोन्ही माशांच्या बाबतीत. एक मर्ज बरोबर निघाला, दुसरा चुकला. आणि त्या दुसऱ्याचा धागा थेट आपल्या पुण्या-लोणावळ्यापर्यंत येऊन पोचतो.

तर मंडळी, आधी थोडी पार्श्वभूमी. फ्लाय फिशिंग हा प्रकार तुम्ही इंग्रजी सिनेमात पाहिला असेल. गुडघाभर वाहत्या पाण्यात उभा राहून एक गृहस्थ लांबलचक दांडी चाबकासारखी मागे-पुढे हलवतोय, आणि हवेत दोरीची सुंदर वेलांटी उमटतेय. यात गळाला गांडूळ नसतं, कणकेची गोळी नसते. पिसं, लोकर आणि रेशमाचा दोरा गळाभोवती गुंडाळून बनवलेली एक खोटी माशी असते. ती इतकी हलकी की नुसती फेकली तर पायाशीच पडेल. म्हणून इथे दोरीलाच वजन असतं, आणि त्या दोरीच्या जोरावर माशी पुढे जाऊन अलगद पाण्यावर उतरते. मासा पकडायचा तो माशीने! मराठीत हा श्लेष फुकट मिळतो, इंग्रजांना नाही.

आता गंमत अशी, की ही माशी त्या त्या नदीवर त्या त्या मोसमात उडणाऱ्या खऱ्या किड्यासारखी दिसावी लागते. त्यामुळे हा खेळ फार स्थानिक आहे. या नदीची माशी वेगळी, त्या नदीची वेगळी. ओघानेच प्रत्येक भागातल्या शौकिनांना वाटायचं की आमच्या नदीचा मासासुद्धा वेगळाच. आणि मासा वेगळा म्हटला की नावही वेगळं.

इंग्लंडमधला या खेळाचा राजा म्हणजे ट्राउट. ओढ्यात राहणारा ट्राउट पिवळसर तपकिरी असतो, अंगावर काळे-तांबडे ठिपके, आकाराने बेताचा. पण त्याच नद्यांमध्ये उन्हाळ्यात समुद्रातून आणखी एक मासा वर चढून येतो. चांदीसारखा चकचकीत, चांगला मोठा, पाण्याबाहेर उड्या मारणारा. तो सी-ट्राउट. वेल्समध्ये त्याला म्हणतात स्यूइन, डेव्हनमध्ये पील, स्कॉटलंडमध्ये त्याच्या पोरसवदा माशांना फिनक, आयर्लंडमध्ये व्हाइट ट्राउट. ओढ्यातला तपकिरी आणि समुद्रातला चंदेरी शेजारी शेजारी ठेवले तर कुणीही शपथेवर सांगेल की हे दोन वेगळे मासे आहेत. खुद्द लिनियसनेही १७५८ साली त्यांना दोन वेगळी शास्त्रीय नावं दिली होती.

पुढे ही यादी वाढतच गेली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अल्बर्ट ग्युंथर नावाचे प्रकांड मत्स्यतज्ज्ञ होते. १८६६ च्या आपल्या कॅटलॉगमध्ये त्यांनी ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ट्राउटच्या दहाच्या आसपास जाती मोजल्या. वेल्सचा वेगळा, ऑर्कनी बेटांचा वेगळा, लॉक लेव्हन तळ्याचा वेगळा, गॉलवेचा वेगळा. आधार काय, तर मणक्यांची संख्या आणि आतड्याला चिकटलेल्या बारीक पिशव्यांची संख्या वगैरे. म्युझियमच्या बरण्यांमधून पाहिलं तर यात तथ्य वाटावं असंच होतं.

आणि इथे आपल्या गोष्टीचा नायक येतो. फ्रान्सिस डे. जन्म १८२९, पेशाने डॉक्टर. १८५२ मध्ये मद्रासच्या फौजेत सर्जन म्हणून भारतात आला आणि माशांच्या नादाला लागला. कोचीनला असताना १८६५ मध्ये त्याने मलबारच्या माशांवर पुस्तक लिहिलं. पुढे तो भारतातल्या मत्स्यव्यवसायाचा इन्स्पेक्टर जनरल झाला, आणि १८७५ ते १८७८ या काळात त्याचा 'द फिशेस ऑफ इंडिया' हा महाग्रंथ प्रसिद्ध झाला. भारतातल्या माशांबद्दल आजही कुणी गंभीरपणे लिहायला बसलं, की डेचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इतकं ते काम मोठं आहे.

या डेचं आणि ग्युंथरचं अजिबात पटत नसे. इतकं, की डेने भारतात जमवलेल्या माशांचा एक मोठा संग्रह लंडनच्या म्युझियममध्ये न जाता चक्क ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या म्युझियममध्ये गेला. (ऑफिसातली भांडणं काही आपणच शोधून काढलेली नाहीत.)

इंग्लंडला परतल्यावर डेने ट्राउटचा प्रश्न हातात घेतला. बरण्यांमधले मेलेले मासे मोजण्याऐवजी त्याने जिवंत मासे पाहिले. स्कॉटलंडमध्ये हौइटन इथे तेव्हा एक नावाजलेलं मत्स्यबीज केंद्र होतं. तिथे वाढवलेले लॉक लेव्हनचे 'वेगळे' ट्राउट दुसऱ्या पाण्यात सोडले, की हळूहळू तिथल्या साध्या ट्राउटसारखेच दिसायला लागत. म्हणजे वेगळेपण जातीत नव्हतं, पाण्यात होतं! १८८७ मध्ये डेने ब्रिटन आणि आयर्लंडच्या या कुळावर पुस्तक लिहून ठामपणे मांडलं, की हे दहा मासे दहा नाहीत. मासा एकच. ओढ्यात राहिला तर तपकिरी, समुद्रात जाऊन आला तर चंदेरी.

दहा रेकॉर्ड, एक मर्ज. आणि हा मर्ज बरोबर होता. १९११ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्याच टेट रेगनने तोच निष्कर्ष मान्य केला. सगळ्यात झकास पुरावा मात्र पुढे फार लांबून आला. १९४० च्या दशकात दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर ट्राउटची अंडी नेली. ही अंडी समुद्रात न जाणाऱ्या, गोड्या पाण्यातल्या ट्राउटची होती. तिथल्या ओढ्यांत खायला तुटपुंजं आणि समोर अन्नाने भरलेला समुद्र. थोड्याच वर्षांत त्यांची पोरं समुद्रात जाऊन धष्टपुष्ट, चंदेरी होऊन परत यायला लागली. आजोबा ओढ्यातले, नातू दर्यावर्दी. आज या सगळ्यांचं नाव एकच: साल्मो ट्रुटा.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची गोष्ट याची जुळी बहीण शोभावी. तिथला ओढ्यातला रेनबो ट्राउट आणि समुद्रातून येणारा स्टीलहेड. शौकीन मंडळींच्या दृष्टीने दोन्ही खेळ वेगळे, माशा वेगळ्या, दांड्याही वेगळ्या. पण जात एकच. त्यातही एक उपकथानक आहे. १७९२ मध्ये रशियाच्या कामचाटकातल्या माशाला एक नाव मिळालं, १८३६ मध्ये अमेरिकेतल्या माशाला दुसरं. पुढे कळलं की पॅसिफिकच्या दोन्ही काठांवरचा मासा एकच आहे, आणि १९८९ पासून जुन्या नियमाप्रमाणे आधीचं, म्हणजे कामचाटकाचं 'मायकिस' हे नाव सगळ्यांना लागलं. अमेरिकेतल्या पुस्तकांची पानंच्या पानं बदलावी लागली. पण माशाचं काही बिघडलं नाही. हे लक्षात ठेवा.

साहेबांना हा ट्राउट इतका प्रिय होता, की जिथे जातील तिथे तो त्यांना हवाच असे. १८६४ मध्ये 'नॉरफोक' नावाचं जहाज इंग्लंडहून सामन आणि ट्राउटची अंडी घेऊन निघालं. शेवाळात गुंडाळून, लाकडी पेट्यांत भरून, बर्फाच्या कोठारात ठेवलेली अंडी विषुववृत्त ओलांडून टास्मानियात पोचली. मुख्य माल सामनचा होता, लाखभर अंडी. ट्राउटची दोन-तीन हजार अंडी आयत्या वेळी वर टाकलेली. सामनची पिल्लं समुद्रात गेली ती परत आलीच नाहीत. वरचे म्हणून टाकलेले ट्राउट मात्र तिथे रुजले, आणि तिथून १८६७ मध्ये न्यूझीलंडलाही पोचले.

भारतातही हेच. निलगिरीत ट्राउट आणायचा पहिला प्रयत्न १८६३ मध्ये केला तो आपल्या डेसाहेबांनीच. तो फसला. काश्मीरला १८९९ मध्ये आलेली पहिली अंडी वाटेतच गेली, पण १९०० च्या अखेरीस स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप जगली. श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या मिचेल नावाच्या साहेबाने ती निगुतीने वाढवली. आज काश्मीर ट्रिपला गेल्यावर हॉटेलात जो ट्राउट ताटात येतो, त्याच्या वंशावळीत ही मंडळी आहेत.

पण मैदानातल्या गरम पाण्यात ट्राउट जगणं शक्य नव्हतं. तिथे साहेबांना भेटला आपला देशी मासा, महसीर. मोठमोठ्या खवल्यांचा, सोनेरी अंगाचा, प्रचंड ताकदीचा. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधल्या एच. एस. टॉमसने १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं, आणि महसीर हा ट्राउट-सामनच्या तोडीचा मासा आहे हे सगळ्या ब्रिटिश भारताला पटवलं. तोही माशीवर येतो. चमच्याच्या आकाराच्या चकचकीत पत्र्यावरही येतो. आणि दक्षिणेत तर चक्क नाचणीच्या उकडलेल्या गोळ्यावर येतो. (आपल्या मातीतला मासा. भाकरी कशी सोडेल?)

आता मुद्द्याची गोष्ट. महसीर हा एक मासा नाही. ती माशांची अख्खी भावकी आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या महसीरांची नोंद फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये केली. दख्खनच्या महसीराची नोंद केली कर्नल साइक्सने. हा मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरणारा फौजी अधिकारी. त्याची एक गोष्ट मला भयंकर आवडते. माशांना लॅटिन नावं देताना त्याने इथल्या लोकांची नावं सरळ उचलली. कोळस, नुकटा, मुळ्या ही नावं आजही जगभरच्या शास्त्रीय यादीत आहेत. १८३९ मध्ये त्याने पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महसीराला नाव दिलं 'खुद्री'. टॉर खुद्री. म्हणजे आज जिकडे खराडी-मगरपट्ट्याचे आयटी पार्क आहेत, त्याच दिशेला त्या नदीतून वर काढलेल्या माशावरून ही जात जगाला कळली! शास्त्रात या जातीचं 'मूळ गाव' कायमचं तेच. शुक्रवारी संध्याकाळी खराडीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलात तर खाली बघा आणि हे आठवा. नाकाला रुमाल लावून बघा, एवढंच.

तर हॅमिल्टनचे वेगळे, साइक्सचे वेगळे, दक्षिणेतले आणखी वेगळे. आणि मग आपल्या महाग्रंथात डेने काय केलं? हे सगळे महसीर एकाच नावाखाली घातले. बार्बस टॉर. हिमालयापासून कावेरीपर्यंत सगळं एक.

त्याचा तर्क समजण्यासारखा आहे. महसीर पाण्याप्रमाणे आणि वयाप्रमाणे रंग बदलतो, ओठांचा आकार बदलतो. त्यातून नऊ-दहा जाती काढणं हा ग्युंथरछाप प्रकार त्याला वाटला असणार. पुढे ज्या सवयीने तो ट्राउटच्या बाबतीत बरोबर ठरला, त्याच सवयीने तो इथे चुकला. १९३० आणि १९४० च्या दशकांत सुंदरलाल होरा यांनी भारतातल्या खेळाच्या माशांवर मोठी लेखमाला लिहून हा गुंता बऱ्यापैकी सोडवला, जाती पुन्हा वेगळ्या केल्या. पण एक गाठ राहिलीच. ती कावेरीची.

कावेरी आणि तिच्या उपनद्यांत एक महसीर आहे, जो दुसऱ्या कुठल्याही खोऱ्यात नाही. केशरी-तांबूस पर आणि पाठीवर बैलासारखं वशिंड. महसीरांतला सगळ्यात अवाढव्य तोच. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंजेन घराण्यातल्या एकाने (हे घराणं शिकारीचे प्राणी पेंढा भरून टिकवण्यासाठी प्रसिद्ध) काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोचा महसीर गळाने काढला. असा हा जगप्रसिद्ध मासा. आणि त्याला स्वतःचं शास्त्रीय नावच नव्हतं! बराच काळ साइक्सने दख्खनातल्या दुसऱ्याच एका माशाला दिलेलं 'मुसल्ला' हे नाव त्याला चिकटवलं जायचं. बाकी सगळे नुसतं 'महसीर' म्हणायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर टेबलमध्ये सगळ्यात महत्त्वाची रो, आणि तिला प्रायमरी कीच नाही.

आता या लोणावळ्याला.

१९७० च्या दशकात सगळीकडे महसीर संपत चालला होता. धरणं झाली, नद्यांत सुरुंग लावून मासे मारले जाऊ लागले. अशा वेळी महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि शशांक ओगले यांनी टाटांच्या वीज कंपनीच्या मदतीने वळवणला महसीराची पैदास सुरू केली. हो, तेच वळवण धरण, जिथून आपण चिक्की घेऊन परततो. महसीराची अंडी कृत्रिमरीत्या फलित करून पिल्लं वाढवणं हे काम तेव्हा मुळीच सोपं नव्हतं. त्यांनी ते जमवलं आणि लाखो बोटुकली तयार केली. (बोटाएवढ्या पिल्लांना मत्स्यव्यवसायात बोटुकली म्हणतात. किती गोड शब्द आहे!) खुद्री आज टिकून आहे त्यात या लोकांचा मोठा वाटा आहे. एका वीज कंपनीने पन्नास वर्षं मासे वाढवावेत ही साधी गोष्ट नाही.

ही बोटुकली देशभर मागणीप्रमाणे पाठवली गेली. कर्नाटकात, कावेरीतही. कावेरीत महसीर कमी झालाय, लोणावळ्याला महसीर तयार होतोय, मग महसीराच्या नदीत महसीर सोडायला काय हरकत आहे? वाक्य ऐकताना अगदी बिनचूक वाटतं. त्यातला घोळ फक्त एका शब्दात आहे. पहिला महसीर, दुसरा महसीर आणि तिसरा महसीर हे एक नव्हते. लोणावळ्याचा महसीर होता निळसर परांचा खुद्री. कावेरीचा होता वशिंडवाला बिननावाचा.

दरम्यान १९७७ मध्ये तीन ब्रिटिश तरुण भारतभर फिरून कावेरीवर पोचले आणि वशिंडवाला अजून जिवंत आहे हे त्यांनी जगाला दाखवलं. मग भीमेश्वरी, गालिबोरे इथे कॅम्प उभे राहिले. नियम एकच, पकडा आणि सोडा. प्रत्येक मासा वजन करून, वहीत नोंदवून पुन्हा पाण्यात. गावातल्या लोकांना रोजगार मिळाला, नदीवर राखण राहिली आणि सुरुंगवाल्यांना आळा बसला. २०१२ मध्ये तिथली गळाची मासेमारी बंद झाली. वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात ती चालणार नव्हती.

पण वह्या उरल्या. इथे मला त्या शौकीन मंडळींना सलाम ठोकावासा वाटतो. एड्रियन पिंडर या ब्रिटिश संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गालिबोरेच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी तपासल्या. २३ हजारांहून जास्त तासांची मासेमारी, ६ हजारांहून जास्त महसीर. पंधरा वर्षांचा हा लॉग कुणी विज्ञानासाठी ठेवलेला नव्हता, हौसेखातर ठेवला होता. आकडे वरवर छान होते. गळाला लागणाऱ्या महसीरांची संख्या वाढत गेली होती. कुणीही डॅशबोर्डवर हिरवा दिवा लावला असता.

पण निळ्या पराचा आणि वशिंडवाला वेगवेगळे मोजल्यावर चित्र उलटं झालं. वाढत होता तो बाहेरून आलेला निळ्या पराचा. वशिंडवाला घटत होता, आणि जे मिळत ते मोठे, म्हणजे म्हातारे. छोटे मिळेनासे झाले होते. ज्या घरात नुसते आजी-आजोबाच दिसतात आणि पोरं दिसतच नाहीत, त्या घराचं पुढे काय होणार ते सांगायला नको. धरणं, वाळूउपसा, सुरुंग हे सगळं होतंच. पण बाहेरून सोडलेल्या महसीराची स्पर्धा हेही एक मोठं कारण असल्याचं या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलं. एकूण आकड्याने, सरसकट 'महसीर' या नावाने, ते पंधरा वर्षं झाकून ठेवलं होतं.

आणि तरीही रेड लिस्टमध्ये त्याला संरक्षण मागता येईना. का? कारण नाव नाही! ज्याला शास्त्रीय नाव नाही तो कागदोपत्री अस्तित्वातच नाही. शेवटी २०१८ मध्ये पिंडर आणि भारतीय संशोधकांच्या गटाने (त्यात पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते) कावेरीची उपनदी मोयारमधले मासे मोजून, डीएनए तपासून गाठ सोडवली. केरळातल्या पांबार नदीतल्या लहान माशांवरून आधीच वर्णन झालेली 'टॉर रेमादेवी' ही जात, तीच हा वशिंडवाला राक्षस. मत्स्यतज्ज्ञ डॉ. के. रेमा देवी यांचं नाव आता त्याला आहे. त्याच वर्षी तो रेड लिस्टमध्ये आला तो थेट 'अतिसंकटग्रस्त' म्हणून. नाव मिळालं आणि त्याच क्षणी आयसीयूत भरती. आणि त्याच सुमारास आपल्या खुद्रीचा शेरा 'संकटग्रस्त'वरून 'चिंतेचं कारण कमी' असा खाली आला. एक भाऊ वाचला, दुसरा जाता जाता राहिलाय.

याचं खापर डेवर फोडणं अन्यायाचं होईल. तो १८८९ मध्येच गेला, आणि १९७० च्या दशकापर्यंत शास्त्रज्ञांना खुद्री वेगळा आहे हे माहीत होतं. वळवणच्या मंडळींवर तर मुळीच नाही. समोर बुडणाऱ्याला हात द्यावा तसं त्यांनी केलं. पण डेने एकत्र केलेलं नाव पुस्तकातून निघालं तरी लोकांच्या तोंडातून निघालं नाही, आणि निर्णय घेताना तोंडातलं नावच चालतं.

आणि ट्राउटच्या बाबतीत तरी डे शंभर टक्के बरोबर होता का? तिथेही एक मेख आहे. आयर्लंडमध्ये लॉक मेल्व्हिन नावाचं तळं आहे. तिथले कोळी पिढ्यानपिढ्या सांगत आले, की इथे तीन ट्राउट आहेत: गिलारू, सोनाहन आणि फेरॉक्स. डेच्या हिशेबाने हे नुसते रंगभेद. पण १९८० च्या दशकात जनुकं तपासली तेव्हा कळलं की हे तिघं एकाच तळ्यात राहूनही एकमेकांत मिसळत नाहीत, प्रत्येकाची अंडी घालायची जागा वेगळी. म्हणजे तळ्याकाठचा माणूस निदान या तळ्यापुरता बरोबर होता.

हे वाचताना मला आपल्याकडची दोन ठिकाणं आठवली. महाडजवळचं वाळण कोंड आणि वाड्याजवळचं वैतरणेवरचं तिळसे. दोन्हीकडे देवळाजवळच्या डोहातले महसीर देवाचे म्हणून राखलेले आहेत. कुणी मारत नाही, लोक कुरमुरे टाकतात, मासे गर्दी करतात. तिथल्या माणसाला लॅटिन नाव माहीत नाही. पण 'हे या डोहाचे मासे' एवढं त्याला पक्कं माहीत आहे. कावेरीवर नेमकं हेच वाक्य कुणी म्हटलं नाही.

तुम्ही म्हणाल, आपण काय महसीर सोडायला जाणार आहोत? महसीर नाही, पण मासे आपण सोडतोच. सोसायटीच्या ग्रुपवर 'डासांसाठी तलावात गप्पी सोडूया' असा मेसेज येतो आणि सगळे अंगठे दाखवतात. फ्लॅट बदलताना घरातल्या टाकीतले मासे जवळच्या नदीत 'मोकळे' केले जातात. परदेशातून १९५२ मध्ये भारतात आणलेल्या तिलापियाला उजनीच्या काठावर चिलापी म्हणतात, आणि ती आता तिथलीच असल्यासारखी थाळीत येते. प्रत्येक वेळी हेतू चांगलाच असतो. पुढच्या वेळी असा मेसेज आला तर एवढंच विचारा: कुठला मासा, कुठून आणलेला, आणि या पाण्यात आधीपासून कोण राहतंय?

तिन्ही उत्तरं मिळेपर्यंत मर्ज करू नका. इथे रोलबॅक नाहीये.